पोटात चरबी की अंडी

सरड्याचं वजन वाढलं म्हणजे अंगात चरबी वाढली, आणि चरबी वाढली म्हणजे त्याचं बरं चाललंय, हे मी एम.एस्सी.च्या प्रकल्पाला हात घातला तेव्हा धरूनच चालले होते. आपण असं काही धरून चाललोय, याचाही पत्ता नव्हता. प्रकल्पाचं नाव मोठं भारदस्त होतं: सरड्यातील मेदसाठ्याचे ऋतुमानानुसार बदल. काळ १९९० च्या दशकाच्या शेवटचा. साताऱ्याच्या आसपासचे शेतांचे बांध, पडक्या विहिरी, घाणेरीची झुडपं, शाळांची तारेची कुंपणं हे माझं कामाचं क्षेत्र. प्राणीही परसात दिसतो तोच साधा सरडा, शास्त्रीय नाव कॅलोटिस व्हर्सिकलर. काठीच्या टोकाला दोऱ्याचा फास लावायचा आणि हळूच त्याच्या मानेत सरकवायचा. माणूस जवळ आला की सरडा पळतो, पण समोर आलेल्या काठीकडे मात्र तो टक लावून बघत बसतो, हे मला तेव्हा कळलं. मग कापडी पिशवीत घालून ताणकाट्याला टांगायचा, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मोजायची आणि जिथून उचलला तिथेच सोडायचा.

लांबीच्या मानाने वजन किती, यावरून प्राण्याची ‘शरीरस्थिती’ काढायची रीत आहे. सारख्या लांबीच्या दोन सरड्यांपैकी जो जड तो धष्टपुष्ट, हलका तो खंगलेला. प्राणी मारावा लागत नाही, म्हणून ही रीत सगळीकडे वापरतात. मलाही ती आवडली होती, कारण प्रयोगशाळेत बसून चरबी वेगळी काढून तोलण्याचा खटाटोप वाचत होता.

आलेख काढला तेव्हा मेच्या अखेरीपासून माद्यांची रेषा चढत गेलेली दिसली. नरांची होती तिथेच, किंबहुना जराशी उतरलेली. मी लगेच लिहून टाकलं: ‘वळवाच्या सरींनंतर कीटकांची उपलब्धता वाढते, परिणामी माद्यांमध्ये मेदसंचय होतो.’ तो ‘परिणामी’ आज वाचवत नाही. नरांच्याही अंगावर तोच वळीव पडत होता आणि त्याच झुडपांतले किडे तेही खात होते. मग ते का पुष्ट होत नाहीत, हा प्रश्न चौथीतल्या पोरानेही विचारला असता. मी समासात ‘माद्या जास्त खातात’ असं लिहून मोकळी झाले. त्याहून वाईट म्हणजे पुरावा रोज माझ्या हातात होता. धरलेल्या मादीच्या पोटावर बोट फिरवलं की आत सारख्या आकाराच्या गोल गाठी लागायच्या. नोंदवहीत मी त्यांना ‘मेदाच्या गाठी’ म्हटलंय, एकदा नाही, पानोपानी.

हा समज एका मेलेल्या मादीने मोडला. गावाच्या रस्त्यावर गाडीखाली तिचं डोकं चिरडलं होतं, धड शाबूत होतं. रुमालात गुंडाळून ती कॉलेजात आणली आणि मागच्या व्हरांड्यात वर्तमानपत्रावर ठेवून पोटाची कातडी उघडली. कातडीखाली दुसरं काही दिसेचना, नुसती अंडी. दोन्ही बाजूंच्या अंडवाहिन्यांत दाटीवाटीने बसलेली, मऊ पांढऱ्या कवचाची, आतला पिवळा बलक अंधुक जाणवेल अशी. मोजली तर चौदा भरली. आतडं एका कडेला दाबलं गेलेलं, जठर जवळजवळ रिकामं. अंडी बाजूला केल्यावर अगदी मागे, कमरेच्या हाडाशी, दोन्हीकडे मेदपिंड असायला हवे होते. सरड्याची चरबी आपल्यासारखी कातडीखाली पसरलेली नसते. पोटाच्या मागच्या भागात तिची स्वतंत्र जोडी असते. नोव्हेंबरातल्या एका जुन्या नमुन्यात मी ती चांगली फुगीर, पिवळट, बोटाने उचलता येईल अशी पाहिली होती. इथे बराच वेळ चिमटा फिरवल्यावर दोन सुरकुतलेल्या पट्ट्या हाती लागल्या. त्यांत चरबीपेक्षा रक्तवाहिन्यांचं जाळंच जास्त दिसत होतं.

अंडी तोलली. एकेक अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सगळी मिळून सातेक ग्रॅम. माझ्या वहीतल्या मादीने मेच्या अखेरीपासून ‘कमावलेलं’ वजनही साधारण तेवढंच होतं. माझ्या आलेखावरची सर्वांत धष्टपुष्ट मादी प्रत्यक्षात वर्षातल्या सर्वांत रिकाम्या अवस्थेत होती.

आता जरा आतल्या व्यवहाराबद्दल. वीण जवळ आली की मादीच्या अंडाशयातून इस्ट्रोजेन सुटतं. मेदपिंडांतली चरबी रक्तात उतरते, यकृताकडे जाते. यकृत तिच्यापासून आणि प्रथिनांपासून बलकाचा कच्चा माल तयार करतं. त्याचं नाव व्हायटेलोजेनिन. हा माल पुन्हा रक्तातून अंडाशयात पोचतो आणि तिथली बीजांडं तो शोषून फुगत जातात. मेदपिंड उतरतात तसतशी बीजांडं चढतात. चरबी कुठे जात नाही, त्याच पोटात दोन बोटं पुढे सरकते. ताणकाट्याला या सरकण्याचा पत्ता लागणं शक्यच नाही, कारण त्याला पिशवी दोन्ही वेळा सारखीच जड लागते. उलट पुढे अंड्यात पाणी शिरतं, कवच चढतं आणि वजन वाढतं. म्हणजे काट्याची चूक नव्हती, तो इमानदारीने वजन सांगत होता. त्याला चरबी मी म्हणत होते.

हे बदल नुसते शेजारी-शेजारी घडतात की एक दुसऱ्यासाठी घडतो, याचं उत्तर १९६५ मध्येच मिळालं होतं. हान आणि टिंकल या अमेरिकी संशोधकांनी यूटा स्टॅन्सबुरियाना या तिकडच्या छोट्या सरड्याच्या माद्यांचे मेदपिंड शस्त्रक्रियेने काढून टाकले आणि हंगामाची वाट पाहिली. त्या माद्यांची पहिल्या विणीची बीजांडं नीट भरलीच नाहीत. हिवाळ्याआधी साठवलेली चरबी ही पहिल्या विणीची तरतूद होती. या क्षेत्रात भांडवलावरची वीण आणि मिळकतीवरची वीण असे दोन प्रकार सांगतात. पुष्कळशा सरड्यांचा संसार मिश्र असतो. पहिली खेप शिलकीतून निघते आणि हंगामात पुढच्या खेपा घातल्या तर त्या रोजच्या कमाईवर. सरड्याला हे परवडतं, कारण त्याचा रोजचा खर्चच बेताचा. अंग तापवायला तो ऊन वापरतो, अन्न जाळत नाही. तेवढ्याच वजनाच्या उंदराला दिवसाला लागते त्याच्या दहावा हिस्सा ऊर्जाही त्याला लागत नाही. म्हणून दोन सुरकुतणाऱ्या पिशव्यांवर कोरडे महिने निघतात आणि वर अंड्यांसाठी काही उरतं.

मी हे वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं, पण भलतंच. ग्रंथालयात जे हाताला लागलं ते बहुतेक अमेरिकेतलं होतं, आणि त्यात १९७४ चा एक लेख अमेरिकेच्या वाळवंटातल्या पट्टेरी पालीच्या शेपटीवर होता. पाली शेपटीत चरबी साठवतात, ती गाजरासारखी जाड होते, आणि शेपूट तुटली की पालीचं खाणंपिणंच गेल्यासारखं होतं. मी भारावून गेले. दुसऱ्या दिवसापासून व्हर्निअर कॅलिपर घेऊन सरड्यांच्या शेपटीची मुळाशी जाडी मोजायला लागले. आता आपल्या सरड्याची शेपूट आठवा. धडाच्या दुप्पट लांब, चाबकासारखी बारीक, हाडं आणि स्नायू. तीत चरबी कुठली? सरडा पालीसारखी शेपूट टाकून पळतही नाही, आणि अपघाताने तुटली तर ती पुन्हा फुटत नाही. तरीही माझ्या वहीत शेपटीच्या जाडीचा अख्खा रकाना भरलेला आहे, मिलिमीटरच्या दशांशापर्यंत. नरांची शेपूट मुळाशी जाड निघाली, तेव्हा ‘नरांमध्ये पुच्छमेद अधिक’ असंही मी लिहिलं. नराच्या शेपटीच्या मुळाशी त्याचं जननेंद्रिय आत वळवून ठेवलेलं असतं, फुगवटा त्याचा.

आणि इकडे सगळं शेजारी पडलं होतं. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात भाग्यश्री शानभाग, एस. के. सैदापूर आणि त्यांचे सहकारी याच सरड्यावर वर्षानुवर्षं काम करत होते. बीजांडांची वाढ वर्षभर कशी होते हे तपासणारा शानभाग आणि प्रसाद यांचा निबंध १९९३ मध्येच छापून आला होता. तिकडचा सरडा मे ते ऑक्टोबर वितो आणि मादी एका हंगामात एकापेक्षा जास्त वेळा अंडी घालते, हे तिथे कधीच ठरलेलं होतं. सातारा-धारवाड एका दिवसाचा रस्ता. मी ॲरिझोनाच्या पालींची पाठांतरं करत बसले.

हंगामाची गोष्ट निघालीच आहे तर त्यातली माझी सोयही सांगून टाकते. माझ्या नोंदी मार्च ते जुलै अशा आहेत, आणि मग एकदम जानेवारी. मधे काय झालं? ऑगस्टात पावसाने बांधावर जाववत नव्हतं, सप्टेंबरात परीक्षा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळीची सुट्टी आणि घरी फराळ. नेमक्या त्याच महिन्यांत, वीण आटोपत आलेली आणि गवतात टोळ-नाकतोडे मुबलक असताना, सरडे पुढच्या वर्षाचा साठा करत होते. ज्या प्रकल्पाच्या नावातच मेदसाठा होता, त्यात साठा होण्याचे महिने नव्हते. प्रबंधात मी ‘प्रतिकूल हवामानामुळे नमुने मिळू शकले नाहीत’ असं लिहिलंय. ऑक्टोबरातलं हवामान प्रतिकूल! मार्गदर्शक सरांनी ते वाक्य वाचून माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं होतं, पण सही केली.

शेपटीवर आता हसू येतं. पिंजऱ्यातल्या माद्यांवर येत नाही. अंडी घालताना मादी बघायची, अंड्यांचं ताजं वजन घ्यायचं, म्हणून मी काही गाभण माद्या जाळीच्या खोक्यात आणून ठेवल्या. तळाला बांधकामावरची वाळू पसरली, कोरडी खडखडीत, कारण ओल्या वाळूला वास येतो असं प्रयोगशाळेतल्या मामांचं म्हणणं होतं. सरड्याची मादी पाऊस पडून गेल्यावर, जरा दमट आणि भुसभुशीत जागी पुढच्या पायांनी खड्डा उकरते, त्यात अंडी घालते, माती परत ओढते आणि तोंडाने ठोकून दाबते. शेतकरी हे सहज सांगतात, मीही ऐकलं होतं. माझ्या खोक्यातली एक मादी दिवसेंदिवस कोपऱ्यात बसून राहिली. वाळू उकरायची, थांबायची, परत जाळीवर चढायची. अंडी नाहीत. मी नोंद केली: ‘मादी आजारी असावी.’ शेवटी तिने अंडी टाकली ती वाळूवर उघड्यावर, विखरून. ती वाया गेली.

ती थांबली होती. योग्य माती मिळेना म्हणून अंडी पोटातच धरून ठेवण्याची या सरड्याच्या मादीची ताकद धारवाडच्या मंडळींनी पुढे नीट उलगडून दाखवली. धरून ठेवलेल्या अंड्यांमधल्या गर्भाची वाढ थबकते. २००३ च्या त्यांच्या निबंधात तर असं आहे की अंडी अडवून धरलेली मादी आपल्या अंगाचं तापमान उतरवते आणि गर्भ त्यामुळे जणू विसावतो. पाऊस लांबला तर काय, याची इतकी बारीक व्यवस्था त्या प्राण्यात आहे. मी तिच्या खोक्यावर चाळीसचा दिवा लावला होता, मादीला ऊब मिळावी म्हणून. तिला थंड व्हायचं असलं तरी सावलीला जागा नव्हती.

दुसरी मादी एप्रिलमध्ये आणलेली. बीजांडं भरायला लागली असावीत अशा बेतात होती. काही आठवड्यांनी ती मेली. उघडून पाहिली तर बीजांडं आक्रसलेली, तपकिरी, शरीराने परत शोषून घ्यायला लागलेली. मी निष्कर्ष काढला की आमच्या भागात सरड्याची वीण जूनमध्येच ओसरते. बाहेर त्याच सुमाराला शेताच्या बांधांवर माद्या खड्डे उकरत होत्या, आणि माझ्या स्वतःच्या वहीत त्या आठवड्यातल्या गाभण माद्यांची वजनं लिहिलेली होती. दोन पानं समोरासमोर ठेवायची सुचलं नाही. पुढे २००२ मध्ये मैसूर विद्यापीठातल्या गणेश आणि यजुर्वेदी यांचा सापसुरळीवरचा अभ्यास वाचला. वारंवार हाताळणं, पाठलाग, आवाज अशा छळाखाली ठेवलेल्या माद्यांचं अंडाशय हंगाम असूनही जागं होत नाही, बाहेरून संप्रेरक टोचलं तरी पुरेसं होत नाही. आमच्या प्रयोगशाळेत खोक्याच्या शेजारी स्टूल होतं, आणि मधल्या सुट्टीत तिथे सगळ्या वर्गाचा अड्डा असायचा. मी जो मोजला तो ऋतू नव्हता, आमचा गोंगाट होता.

नरांकडे मी फारसं पाहिलंच नाही. त्यांची रेषा सपाट होती म्हणून त्यांच्यात सांगण्यासारखं काही नाही असं वाटलं. गळा-खांदे लाल करून कुंपणाच्या खांबावर बसलेला नर दिवसभर मान आणि पुढचे पाय खालीवर करत असतो, दुसरा नर दिसला की अंगावर धावून जातो. त्याची चरबी अंड्यांत जात नाही, या धावपळीत जाते. लाल रंगामुळे तो माणसाचं रक्त ओढून घेतो अशी एक समजूत आहे आणि त्यापायी पोरं त्याला दगड मारतात. मी गावात बसून ही समजूत कशी खोटी आहे यावर छान भाषण दिलं होतं. नरांची ती उतरती रेषा दिसत असून ‘विशेष बदल नाही’ लिहिणारी मी, भाषण द्यायला पुढे!

पुढे शिकवायला लागले. चूक करण्याची जागा बदलली, इतकंच. दर उन्हाळ्यात पोरांना चाळकेवाडीच्या पठारावर न्यायची. साताऱ्याजवळचं हे पठार पवनचक्क्यांनी भरलेलं आहे, आणि वळवाच्या आधी तिथे गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा उघडणारे सरडे दगडा-दगडावर बसलेले असतात. पोरांना मी त्यांचं नाव सिताना पॉन्टिसेरियाना असं सांगायची. २०१६ मध्ये दीपक, वरद गिरी आणि इतरांनी ती वेगळीच प्रजाती असल्याचं दाखवून तिला सारडा सुपर्बा हे नाव दिलं, तोवर माझ्या कित्येक तुकड्या जुनं नाव पाठ करून पास झाल्या होत्या. ते एक वेळ चालेल, नावं बदलतातच. पण मी पवनचक्क्यांखाली उभी राहून हेही सांगायची: ‘बघा, किती सरडे आहेत, आणि किती धीट. माणूस जवळ आला तरी हलत नाहीत. मजेत आहेत.’

२०१८ मध्ये मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा याच पठारावरचा निबंध आला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट होते. चक्क्यांखाली ते विरळ झाले, म्हणून सरडे वाढले. सरडे वाढले म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला येणारं खाणं घटलं. तिथल्या सरड्यांची शरीरस्थिती खालावलेली होती, गळ्याच्या पंख्याचे रंग फिके होते. धीटपणा होता खरा, पण घार-ससाणे नसल्यामुळे आलेला. संख्या बघून आणि न पळणं बघून मी सुबत्ता ठरवून टाकली होती. पूर्वी एकेका प्राण्याच्या वजनावरून ठरवायची, आता पठारभर सरड्यांच्या गर्दीवरून.

मागच्या वर्षी एका पीएच.डी. करणाऱ्या मुलीने माझा जुना डेटा मागितला. तिच्याकडे हातात मावणारं सोनोग्राफीचं यंत्र आहे. मादीच्या पोटावर जेल लावून अंडी मोजते आणि सोडून देते. मी वह्या काढल्या आणि आधी ‘मेदाच्या गाठी’ असं लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर लाल पेनाने ‘गाभण’ लिहिलं. त्या ओळींचा उपयोग होईल असं ती म्हणाली, कारण कोणत्या आठवड्यात माद्या अंड्यावर होत्या हे त्यावरून कळतं, आणि तेव्हाचा पाऊस वेधशाळेकडून मिळतो. शेपटीच्या रकान्याचं काय करू, असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘मॅडम, तो राहू दे. त्यावरून नर-मादी तरी पक्कं ठरवता येईल. तुम्ही पहिल्या दोन महिन्यांत बरेच नर मादी म्हणून लिहिलेत.’